वड्याचं तेल वांग्यावर नको!

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : ऑनलाइन रिव्ह्यूमध्ये माल आणि पोहोच यांचे स्टार वेगळे करण्याबाबत

सन्माननीय महोदय/महोदया,



जालना जिल्ह्यातल्या बदनापूरहून हे पत्र लिहिते आहे. आम्ही गटातल्या बायका तुरीची डाळ करतो आणि ऑनलाइन विकतो. पत्र खुलं ठेवलं, कारण यातलं गाऱ्हाणं एकट्या आमच्या गटाचं नाही. लोणची, मसाले, गोधड्या, साड्या, काहीही विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला विचारा, तो थोड्याफार फरकाने हेच सांगेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. गिऱ्हाइकाने तक्रार करू नये, वाईट रिव्ह्यू पुसून टाकावेत, असलं काही मागायला मी बसलेली नाही. पैसे मोजणाऱ्याला बोलायचा हक्क आहे आणि तो राहिलाच पाहिजे. मागणं एवढंच, की तक्रार ज्याची आहे त्याच्या नावावर पडावी. आज तसं होत नाही. पाकीट आपटतो कुरिअरवाला, तारीख चुकवते ऑनलाइन विक्रीची कंपनी आणि एक स्टार बसतो डाळीला. वड्याचं तेल वांग्यावर, अशातला हा प्रकार आहे.

बदनापूर हे छत्रपती संभाजीनगर–जालना रस्त्यावरचं गाव. तूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ते ठाऊक असतं ते इथल्या कृषी संशोधन केंद्रामुळे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. बीडीएन-७११ हा पांढऱ्या दाण्याचा, पाचेक महिन्यांत हाती येणारा तुरीचा वाण इथलाच आणि लाल दाण्याचा बीडीएन-७१६ सुद्धा इथलाच. वाणाच्या नावातलं ‘बीडीएन’ म्हणजे आमचं गाव. तूर मोंढ्यावर नेऊन घातली तर जो भाव निघेल तो निघेल. तिचीच डाळ करून पाकिटातून विकली तर चार पैसे जास्त सुटतात. म्हणून आमच्यासारखे गट मिनी डाळ मिलवर डाळ करतात. पुणे-मुंबईचं गिऱ्हाईक इथवर येणार नाही, म्हणून ऑनलाइनची वाट धरली. ती वाट धरल्याचा पस्तावा नाही.

पण बाजारात बसून विकणं वेगळं आणि ऑनलाइन विकणं वेगळं. आठवडी बाजारात बाई मूठभर डाळ हातात घेते, वास घेते, एक दाणा दाताखाली धरते. पुढच्या बाजारी येऊन तोंडावर सांगते, “मावशी, मागची दाळ शिजली नाही हो.” आपण विचारतो, “पाणी कुठलं घातलं? बोअरचं का नळाचं?” बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजायला वेळ घेते, हे तिलाही माहीत असतं, फक्त त्या वेळी आठवलेलं नसतं. “अर्धा तास भिजवून बघा,” म्हणायचं, वर ओंजळभर डाळ घालायची, विषय मिटला. ऑनलाइनला तीच तक्रार दोन शब्दांत येते, ‘शिजत नाही’, आणि खाली एक स्टार. उलट विचारायची सोय नाही. गिऱ्हाइकाचा नंबर झाकलेला असतो. त्यात गैर काही नाही, त्याची खासगी माहिती जपलीच पाहिजे. पण प्रश्न विचारता आला नाही की तक्रारीचं कारण कळत नाही आणि कारण कळलं नाही तर सुधारणा कशात करायची?

आमच्याकडे येणाऱ्या वाईट रिव्ह्यूंचे सरळ चार ढीग पडतात.

पहिला ढीग मालाचा. ‘डाळीत किडे निघाले.’ अशी तक्रार आली की वाद घालायचा नसतो. भुंगेऱ्याची अंडी शेतातल्या शेंगेवरूनच तुरीबरोबर घरात येतात आणि पावसाळी हवेत साठवण जरा ढिली पडली की पाकिटात हालचाल सुरू होते. पैसे परत करायचे, पाकिटावरचा लॉट नंबर पाहायचा, त्या लॉटचा उरलेला माल उघडून उन्हात घालायचा आणि तपासून झाल्याशिवाय पुढे काढायचा नाही. हा एक स्टार आमचाच आहे, तो आम्ही निमूट घेतो. खरं सांगायचं तर असा रिव्ह्यू उपकारच करतो, कारण त्या लॉटची बाकीची पाकिटं गिऱ्हाइकांच्या घरी जाण्याआधी आम्हाला कळतं.

दुसरा ढीग समजुतीचा. ‘डाळ मळकट आहे, चमक नाही, जुना माल दिसतो.’ बाजारातली डाळ चकचकीत दिसते, कारण भरडून झाल्यावर तिला तेलाचा किंवा पाण्याचा हात देऊन पॉलिशरमधून काढलेली असते. आमची बिनपॉलिशची. कडेला कुठे सालीची कोर राहते. तूर पांढरी असेल तर ती कोर पांढुरकी, लाल असेल तर लालसर. खेड्यातून आलेल्या माणसाला ती ओळखीची वाटते, ज्याने पिवळी धमक डाळच पाहिली आहे त्याला ती खोट वाटते. इथे गिऱ्हाईक खोटं बोलत नाही. त्याला आधी सांगितलेलं नसतं, एवढंच.

मोसंबीवाल्यांचं तर याहून अवघड. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापुरात मोसंबीचं संशोधन केंद्र आहे आणि तरीही खोका उघडल्याबरोबर रिव्ह्यू पडतो : ‘हिरवी, कच्ची फळं पाठवली.’ साल पिवळी व्हायला रात्री थंड लागतात. आंबिया बहाराची फळं उतरतात तेव्हा आमच्याकडे तेवढी थंडी पडलेली नसते, म्हणून आत रस भरला, गोडी आली तरी साल हिरवट राहते. शहरातलं गिऱ्हाईक रंग पाहून पिकलं-न पिकलं ठरवतं. ही गोष्ट फोटोखाली दोन ओळींत लिहिली की अर्ध्या तक्रारी विकण्याआधीच संपतात. पुष्कळ वाईट रिव्ह्यू म्हणजे विकण्याआधी न दिलेलं उत्तर असतं, हे या धंद्यात शिकायला मिळतं.

तिसरा ढीग वाटेचा. ‘पाकीट फाटलं होतं, अर्धी डाळ खोक्यात सांडली.’ ‘आठ दिवस उशीर.’ ‘डिलिव्हरी बॉय उद्धट बोलला.’ ‘वॉचमनकडे ठेवून गेला, मला कळवलंच नाही.’ यातला एकही माणूस आमचा नाही. कुरिअर कोणतं हे आम्ही ठरवत नाही, त्याचा दर आम्ही ठरवत नाही, त्याला जाब विचारायचा नंबर आमच्याकडे नाही. पण हे सगळे स्टार जातात डाळीच्या नावाखाली.

चौथा ढीग छोटा असतो, पण मनाला फार लागतो. ‘चुकून मागवली, एक स्टार.’ किंवा परत आलेल्या पाकिटात आमच्या तुरीऐवजी भलतीच डाळ. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. शंभरात दोन-चार माणसं अशी निघणारच, ती आठवडी बाजारातही निघतात.

आता हिशेब मांडते. एखाद्या नव्या दुकानाला दहा जणांनी पाच-पाच स्टार दिले आणि अकराव्याने एक दिला, की सरासरी ५ वरून ४.६४ वर येते. पाच-पाच स्टारचे हजार रिव्ह्यू असलेल्या मोठ्या दुकानाला तोच एक स्टार मिळाला तर सरासरी ४.९९६ राहते, म्हणजे काही हललंच नाही. कुरिअरची चूक दोघांच्या बाबतीत एकच, पण छोट्याला ती नव्वदेक पटींनी महाग पडते. सरासरी घसरून ॲपवरच्या यादीत खाली ढकललं गेलं की माल दिसत नाही, दिसला नाही की विकला जात नाही आणि विकला नाही की नवे रिव्ह्यू येत नाहीत. त्या एका स्टारला खाली दाबायला चांगले रिव्ह्यू आणायचे कुठून?

स्टारला किती किंमत असते, हे अभ्यासकांनीही मोजलं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल ल्यूका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. ‘येल्प’ या रिव्ह्यूच्या साइटवर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, असा त्यांचा निष्कर्ष. त्याआधी २००६ मध्ये शेव्हालिए आणि मेझलिन या दोन अभ्यासकांनी ऑनलाइन पुस्तकविक्री तपासली. पाच स्टारचा रिव्ह्यू जेवढी विक्री वाढवतो, त्यापेक्षा एक स्टारचा रिव्ह्यू ती जास्त पाडतो, असं त्यांना दिसलं. आमच्या गटात कुणी हे अभ्यास वाचले नव्हते, पण ऑर्डरच्या वहीत तेच दिसतं.

हे पत्र तुम्हालाच का, तेही सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखालचे ई-कॉमर्स नियम २३ जुलै २०२० रोजी आले. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून रिव्ह्यू लिहू नये, असं त्यात बजावलं आहे. चांगलं केलंत. पाच स्टार विकत घेऊन देणारे मेसेज आम्हालाही येतात. आम्ही ते बघतही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्याच खात्याने भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९००० हे मानक आणलं : रिव्ह्यू गोळा कसे करावेत, तपासावेत कसे, दाखवावेत कसे. तेही चांगलं केलंत. पुढे ते सक्तीचं करण्याची चर्चाही खात्याने कंपन्यांशी केली.

पण या सगळ्याचा रोख आहे खोट्या रिव्ह्यूवर. आमचं दुखणं खऱ्या रिव्ह्यूचं आहे. पाकीट खरंच फाटलेलं होतं, उशीर खरंच झाला होता, गिऱ्हाईक शब्दाशब्दाने खरं बोलतंय. फक्त शिक्षा भोगणारा माणूस चुकीचा आहे. खोटं पकडायला कायदा आहे, चुकीच्या नावावर पडलेल्या खऱ्याला कुठलंच कलम नाही.

उलट, त्याच ई-कॉमर्स नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत. विक्रेत्याचं रेटिंग गिऱ्हाइकाला दाखवा, असं कंपनीला सांगितलं आहे. पण ते कशाकशाचं मिळून झालं, हे फोडून दाखवा, असं नाही. आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा पोहोचला तर तो परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असंही आहे. सुटका फक्त अस्मानी-सुलतानीच्या वेळी. गिऱ्हाइकाच्या बाजूने हे बरोबरच. पण वाहतूक कंपनीने ठरवायची, वेळ कंपनीने सांगायची, परत घ्यायचं विक्रेत्याने आणि वर स्टारही त्यानेच गमवायचा, हे दोन्ही भार त्याच्याच डोक्यावर कसे?

भाषेचंही तसंच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर १७ भाषांत तक्रार करता येते, त्यात मराठी आहे. गिऱ्हाइकाची तक्रार मिळाल्याची पोच कंपनीने ४८ तासांत द्यावी आणि निवारण महिन्याभरात करावं, असा नियम आहे. आमच्या बाजूला? विक्रेत्याच्या पॅनेलवर तिकीट टाकायचं. उत्तर इंग्रजीत, छापील, ‘तुमची विनंती धोरणात बसत नाही’ एवढंच. कुठलं धोरण, कुठली ओळ, कुणी ठरवलं, काही नाही. यादीत कोण वर, कोण खाली हे कशावरून ठरतं ते सोप्या भाषेत सांगा, असंही आपल्याच नियमांत आहे. सोपी भाषा कुणाला सोपी, हे मात्र लिहायचं राहिलं.

विक्रेत्यालाही न्याय देता येतो, हे करून दाखवलेलं आहे, कुठे कुठे. युरोपीय संघाने १२ जुलै २०२० पासून एक नियम लागू केला. त्याच्याखाली ऑनलाइन कंपनीने विक्रेत्यावर बंदी किंवा बंधन घातलं तर त्याचं कारण लिहून द्यावं लागतं आणि विक्रेत्यांच्या तक्रारींसाठी कंपनीत व्यवस्था ठेवावी लागते. ॲमेझॉन स्वतः पोहोचवलेल्या मालाच्या पोहोचीबद्दल विक्रेत्यावर वाईट शेरा आला तर तो खोडून जबाबदारी स्वतःकडे घेते. अर्थात ही सवलत विक्रेत्यावरच्या शेऱ्याला, मालाच्या रिव्ह्यूला नाही. जेवण घरपोच देणारी ॲप्स तर जेवण कसं होतं आणि आणणारा कसा वागला, हे दोन वेगळे प्रश्न विचारतात. गिऱ्हाईक दोन्हींची उत्तरं देतं, कंटाळत नाही. म्हणजे तंत्र आहे, सवय आहे; नाही ती सक्ती.

गिऱ्हाइकांनाही आम्ही स्टार द्यावेत, असा हट्ट नाही. ‘ईबे’ या विक्रीच्या साइटवर तशी सोय होती. मग विक्रेते वाईट शेऱ्याचा वचपा काढू लागले आणि लोक खरं बोलायला बिचकू लागले, म्हणून २००८ मध्ये विक्रेत्याने गिऱ्हाइकाला वाईट शेरा देणं कंपनीने बंद केलं. ते योग्यच झालं. घाबरलेलं गिऱ्हाईक आम्हालाही नको.

आम्ही आमच्या बाजूने काय करतो, तेही सांगायला हवं, नाहीतर नुसतं रडगाणं होईल. एक स्टार पडला की ज्या बाईने ते पाकीट भरलं, तिला तो आपल्या तोंडावर मारल्यासारखा वाटतो. रात्री अकराला मोबाइलवर वाचला तर झोप जाते. म्हणून रिव्ह्यू वाचायचे ते दिवसा, गटात, मोठ्याने आणि वाचायचे तिने, जिने ते पाकीट भरलेलं नाही. आधी कोणत्या ढिगातला ते ठरवायचं, मग पुढचं. जिथे उत्तर लिहायची सोय आहे तिथे ते लिहायचं दुसऱ्या दिवशी, तीन ओळींत : झालं त्याबद्दल खेद, काय करतो आहोत ते आणि गिऱ्हाइकाने काय करायचं ते. ‘तुम्हीच चुकलात’ हे वाक्य खरं असलं तरी लिहायचं नाही, कारण ते वाचणार आहे पुढचं गिऱ्हाईक.

माल भरताना मोबाइल स्टँडवर लावलेला असतो. रिकामं पाकीट काट्यावर, आकडा शून्यावर, मग डाळ, मग आकडा, मग शिलाई, मग पत्त्याचं लेबल, सगळं एका दमात, मध्ये व्हिडिओ तोडायचा नाही. ‘वजन कमी भरलं’ म्हणून माल परत आला की क्लेमला हाच पुरावा लागतो. पाकीट दुहेरी, त्यावर खोका, खोक्याच्या चारही कडांना चिकटपट्टी. वर्णनाची पहिली ओळ : ‘ही डाळ पॉलिश केलेली नाही, चमकणार नाही.’ आत चिठ्ठी : ‘शिजवण्याआधी अर्धा तास भिजवा.’ या दोन ओळींनी दुसरा ढीग बराच खाली आणला. तिसऱ्या ढिगाला मात्र आमच्या हातात औषध नाही. ते आपल्या हातात आहे.

म्हणून मागणं चार गोष्टींचं.

एक, आयएस १९००० मध्ये माल, पोहोच आणि कंपनीची सेवा यांचे स्टार वेगवेगळे घेण्याची आणि वेगवेगळे दाखवण्याची अट घाला. यादीतली मालाची जागा मालाच्या स्टारवर ठरावी. पोहोचीचे स्टार कुरिअरच्या नावावर जाहीर व्हावेत. त्यांनाही कळू द्या, आपटलं की काय होतं.

दोन, सरासरीच्या शेजारी रिव्ह्यूंची संख्या ठळक दिसावी आणि रिव्ह्यू पुरेसे होईपर्यंत नव्या विक्रेत्याला सरासरीवरून खाली ढकलू नये. ‘अजून पुरेसे रिव्ह्यू नाहीत’ असं लिहा. ते प्रामाणिक आहे.

तीन, प्रत्येक रिव्ह्यूखाली विक्रेत्याला एक उत्तर आणि एक प्रश्न लिहिता यावा, आपल्या भाषेत. गिऱ्हाइकाचं नाव-नंबर झाकलेलंच राहू द्या, फक्त त्याला ‘पाणी कुठलं होतं?’ एवढं विचारता आलं पाहिजे.

चार, विक्रेत्याने एखाद्या रिव्ह्यूवर हरकत घेतली तर गिऱ्हाइकाला जी मुदत आहे तीच त्यालाही असावी. निकाल कारणासकट, मराठीत मागितला तर मराठीत. निकाल आमच्या विरुद्ध गेला तरी चालेल. कारण कळलं पाहिजे.

यातल्या एकाही मागणीने गिऱ्हाइकाचा हक्क तसूभरही कमी होत नाही, उलट त्याला माहिती जास्त मिळते. डाळ चांगली पण त्या भागातलं कुरिअर वाईट, हे कळलं तर तो डाळ सोडणार नाही, दुसरी वाट मागेल. आज एकच आकडा दाखवून त्याचीही दिशाभूल होते. बरं, ज्याला ताप होत नाही तो सुधारत नाही. कुरिअरच्या चुकीचा भुर्दंड डाळवालीला बसत राहिला तर कुरिअर सुधारेल कशासाठी?

महाराष्ट्राने ग्राहकाच्या बाजूने आधीपासून आवाज उठवला आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा यायला बारा वर्षं होती. त्याच कायद्याची आठवण म्हणून दरवर्षी २४ डिसेंबरला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा करता. त्या दिवशीच्या भाषणात यंदा ऑनलाइन विक्रेत्यासाठीही दोन वाक्यं असू द्या आणि त्यातलं एक तारखेसकट असू द्या : आयएस १९००० ची दुरुस्ती केव्हा होणार, ते. त्याआधी विक्रेत्यांचं म्हणणं ऐकायला एखादी बैठक दिल्लीबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी घ्या. बदनापुरात घेतलीत तर सगळे रिव्ह्यू छापून, चार ढीग लावून आपल्यासमोर ठेवू. पहिला ढीग आमचा म्हणून आम्ही उचलून नेऊ. तिसरा कुणाच्या पुढ्यात ठेवायचा, ते आपण सांगायचं.

कळावे,

आपली विश्वासू,
तूरडाळ विकणारी एक ऑनलाइन विक्रेती,
बदनापूर, जि. जालना